स्तनार्बुदाभोवतीची प्रतिकारक्रिया आणि कक्षेतील लसीकाग्रंथी : एक अभ्यास

स्तनातील गाठ घेऊन येणारी स्त्री अनेकदा प्रथम वैद्याकडेच येते. शस्त्रकर्माची भीती, संकोच, आणि ‘गाठ दुखत नाही, तेव्हा काळजीचे कारण नसावे’ हा समज, ही त्यामागील नेहमीची कारणे होत. अशी रुग्णा वा तिचे आप्त आपणास दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘वैद्यबुवा, ही गाठ पसरेल का?’ हा पहिला, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवली तर ती आपोआप विरघळेल का?’ हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावयाची असतील, तर अर्बुदाभोवती शरीर कोणती प्रतिकारक्रिया करते आणि अर्बुदातील पेशी कक्षेतील लसीकाग्रंथींपर्यंत कशा पोहोचतात, हे आपण जाणून घेतले पाहिजे. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. तेव्हा हा विषय केवळ शल्यतज्ज्ञांचा आहे, असे म्हणून आपणास बाजूला सरता येणार नाही.

संहितेतील अर्बुद व अपची

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे एकत्र वर्णन आहे. तेथील अर्बुद वृत्त, स्थिर, अल्प वेदना असणारे, खोलवर मूळ धरलेले, सावकाश वाढणारे व पाक न पावणारे असे आहे. ‘मंदरुज’ हे लक्षण आचार्यांनी मुद्दाम नोंदविले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वेदना नसणे हे सौम्यतेचे गमक नव्हे, हे आपल्या शास्त्राला ठाऊक होते.

एका अर्बुदावर दुसरे उत्पन्न झाल्यास ते अध्यर्बुद, आणि एकाच वेळी वा क्रमाने दोन उत्पन्न झाल्यास ते द्विरर्बुद होय. त्याची गणना असाध्यात केली आहे. स्रावयुक्त, मर्मस्थानी वा स्रोतसात उत्पन्न झालेले, आणि जागचे न हलणारे अर्बुदही असाध्यच सांगितले आहे. चिकित्सास्थानात तर अर्बुदाचा अंशही शिल्लक ठेवू नये, शेष राहिलेले अर्बुद विझवावयाच्या राहिलेल्या अग्नीप्रमाणे पुन्हा भडकते व घात करते, असा स्पष्ट इशारा आहे.

अपचीच्या स्थानांत हनु, मन्या व गळा यांच्याबरोबर कक्षेचाही उल्लेख येतो. मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. कक्षेतील गाठींची मालिका दिसली म्हणजे ती अपची, आणि अपची म्हणजे क्षयज ग्रंथी, असे समीकरण मांडून मोकळे होणे घातक ठरते. कक्षेतील गाठ क्षयजन्य असू शकते, हातावरील जखमेमुळे असू शकते, आणि स्तनातील लहानशा, हातास न लागणाऱ्या कर्करोगाचीही असू शकते. हा भेद केवळ स्पर्शाने होत नाही.

व्याधिक्षमत्वाची दोन अंगे

सर्व शरीरे व्याधिक्षमत्वास सारखीच समर्थ नसतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात म्हटले आहे. त्यावर भाष्य करताना चक्रपाणींनी या शब्दाची दोन अंगे दाखविली : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलाला विरोध करणे, आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे.

आधुनिक प्रतिकारशास्त्राने २००२ च्या सुमारास कर्करोगाबाबत जी मांडणी पुढे आणली, ती अभ्यासताना ही दोन अंगे मनात ठेवल्यास विषय सुगम होतो. त्या मांडणीनुसार प्रतिकारपेशी व कर्कपेशी यांच्या संबंधाच्या तीन अवस्था असतात. पहिलीत विकृत पेशी ओळखून नष्ट केल्या जातात. दुसरीत त्या नष्ट होत नाहीत, पण वाढूही शकत नाहीत. हा समतोल वर्षानुवर्षे टिकू शकतो. तिसरीत कर्कपेशी प्रतिकाराची नजर चुकवून वा त्यालाच निष्प्रभ करून वाढू लागतात. हातास लागणारी गाठ बहुधा तिसऱ्या अवस्थेतील असते. व्याधी उत्पन्न होऊ न देणारे अंग तेथे आधीच पराभूत झालेले असते, आणि बलविरोधाचे अंग मात्र अद्याप झुंजत असते. अर्थात ही तुलना समजुतीपुरतीच घ्यावी. व्याधिक्षमत्व म्हणजेच आधुनिकांची ‘इम्युनिटी’, असे शब्दशः म्हणणे दोन्ही शास्त्रांवर अन्यायाचे होईल.

लसीकावाहिन्यांची रचना

स्तनातील लसीकेचा बहुतांश, साधारणतः तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कक्षेतील ग्रंथींकडे जातो. उरलेला मुख्यतः उरोस्थीच्या कडेने असलेल्या आंतरग्रंथींकडे जातो. कक्षेतील ग्रंथींचे, लहान वक्षपेशीच्या संदर्भाने, तीन स्तर मानतात : पेशीच्या बाहेरच्या बाजूचा पहिला, पेशीमागील दुसरा, आणि आतल्या बाजूचा, कक्षेच्या शिखराकडील तिसरा. त्यापलीकडे अक्षकास्थीच्या वरील ग्रंथी येतात.

लसीकाग्रंथी ही केवळ गाळणी नव्हे. स्तनाकडून येणारी लसीका प्रथम ग्रंथीच्या आवरणाखालील पोकळीत उतरते. तेथे मॅक्रोफेज पेशी पहाऱ्यावर असतात. ऊतीतून आलेल्या डेन्ड्रायटिक पेशी आपल्याबरोबर परक्या वा विकृत प्रथिनांचे अंश आणतात आणि आतील टी-लिम्फोसाइटांना ते दाखवितात. ज्या लिम्फोसाइटांना ती ओळख पटते, त्या संख्येने वाढून रक्तावाटे पुन्हा स्तनाकडे जातात. म्हणजे कर्कपेशी ज्या वाटेने पसरतात, त्याच वाटेने त्यांच्याविरुद्धची वार्ताही ग्रंथीपर्यंत जात असते. त्यामुळेच कक्षेतील ग्रंथी मोठी लागली म्हणजे तीत कर्कपेशी आहेतच असे नाही. ती प्रतिकारक्रियेनेही मोठी होऊ शकते. याउलट हातास न लागणाऱ्या ग्रंथीतही कर्कपेशी असू शकतात.

अर्बुदाभोवतीचे सैन्य

सूक्ष्मदर्शकाखाली स्तनार्बुद पाहिल्यास कर्कपेशींबरोबर तंतुजनक पेशी, रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या आणि नाना प्रकारच्या प्रतिकारपेशी दिसतात. यांपैकी काही खरोखर लढतात, तर काही शत्रूलाच सामील झालेल्या असतात.

लढणाऱ्यांत मारक टी-लिम्फोसाइट व नैसर्गिक मारक पेशी मुख्य होत. मेड्युलरी प्रकारच्या स्तनार्बुदात लिम्फोसाइटांची दाटी असते आणि तरीही, किंवा त्यामुळेच, त्याची गती तुलनेने बरी असते, हे १९४९ मध्येच नोंदविले गेले होते. पुढे २०१० मध्ये जर्मनीतील एका अभ्यासात शस्त्रकर्मापूर्वी रसायनोपचार, म्हणजे केमोथेरपी, दिलेल्या सुमारे हजार स्त्रियांची अर्बुदे तपासण्यात आली. ज्या अर्बुदांत लिम्फोसाइटांचे प्राबल्य होते, त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत उपचारानंतर कर्करोगाचा मागमूसही उरला नाही. ज्यांत लिम्फोसाइट मुळीच नव्हते, त्यांत हे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-२ हे तिन्ही ग्राहक नसलेल्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात, आणि हर-२ युक्त प्रकारात ही दाटी अधिक आढळते व ती शुभसूचक असते.

परंतु हाच नियम सर्वत्र लागू होत नाही. २०१८ मध्ये तीन हजार सातशेहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की, संप्रेरक-ग्राहकयुक्त व हर-२ नसलेल्या प्रकारात लिम्फोसाइटांची दाटी अधिक असलेल्या स्त्रियांचे आयुर्मान उलट कमी होते. स्तनार्बुदांत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. ‘प्रतिकारपेशी जितक्या अधिक तितके उत्तम’ हे सुटसुटीत सूत्र येथेच कोलमडते.

शत्रूस सामील होणाऱ्यांत अर्बुदातील मॅक्रोफेज प्रमुख आहेत. मूलतः हे भक्षक पेशींचे कुळ. जखम भरून काढणे हेही त्यांचे काम. अर्बुद त्यांच्या या दुसऱ्या स्वभावाचा लाभ उठवते. त्यांच्याकडून नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास उत्तेजन मिळते, आणि कर्कपेशींना रक्तवाहिनीच्या भित्तीतून आत शिरण्यास वाट करून दिली जाते. मॅक्रोफेजांच्या वाढीस लागणारा घटक नसलेल्या उंदरांत स्तनार्बुद उत्पन्न झाले तरी त्याचा फुप्फुसांत प्रसार लक्षणीय कमी झाला, असे २००१ मध्ये आढळले. याखेरीज, शरीराने स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करू नये म्हणून असलेल्या नियामक टी-पेशींना अर्बुद आपल्याभोवती गोळा करते. शिवाय काही कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल-१ नावाचे प्रथिन धारण करून मारक पेशींना जणू थांबण्याची खूण करतात.

कक्षेपर्यंतचा प्रवास

अर्बुद स्वतःही लसीकावाहिन्या वाढविते. व्हीईजीएफ-सी हा घटक अधिक निर्माण करणाऱ्या स्तनार्बुदांभोवती नव्या लसीकावाहिन्या फुटतात व ग्रंथीतील प्रसार वाढतो, हे २००१ मध्ये प्राण्यांतील प्रयोगांनी दाखविले. त्याच वर्षी आणखी एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आली. लिम्फोसाइटांना ग्रंथीकडे खेचून आणणारी काही रासायनिक आमंत्रणे असतात. ती स्वीकारणारे ग्राहक स्तनाच्या कर्कपेशींवरही आढळले. ज्या अवयवांतून ही आमंत्रणे निघतात ते अवयव, म्हणजे लसीकाग्रंथी, फुप्फुस, यकृत व अस्थिमज्जा, हेच स्तनकर्करोगाच्या प्रसाराचे नेहमीचे मुक्काम होत. सारांश, कर्कपेशी प्रतिकारपेशींचीच वाट चोरते.

इंग्लिश शल्यतज्ज्ञ स्टीफन पेजेट यांनी १८८९ मध्ये स्तनकर्करोगाने मृत झालेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी अभ्यासून ‘बीज व भूमी’ यांचा सिद्धांत मांडला होता. बीज सर्वत्र पडते, पण रुजते ते अनुकूल भूमीतच. दोषांचा प्रसर झाला तरी जेथे ‘खवैगुण्य’ असेल तेथेच स्थानसंश्रय होतो, हे सुश्रुतोक्त क्रियाकालाचे तत्त्व शिकलेल्या वैद्यास ही कल्पना परकी वाटणार नाही.

ग्रंथीत सापडलेल्या कर्कपेशींच्या पुंजक्याचे मोजमाप आता निश्चित आहे. ०.२ मिलिमीटरपर्यंतच्या पुंजक्यास विलग पेशी, त्याहून मोठ्या पण २ मिलिमीटरपर्यंतच्यास सूक्ष्म प्रसार, आणि त्यापुढील पुंजक्यास स्थूल प्रसार म्हणतात. शस्त्रकर्मानंतर किती ग्रंथी बाधित निघाल्या, १ ते ३, ४ ते ९, की १० वा अधिक, यावर व्याधीची अवस्था व पुढील उपचार बरेचसे अवलंबून असतात.

शंभर वर्षांचा वाद

अमेरिकन शल्यतज्ज्ञ हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये स्तन, वक्षपेशी व कक्षेतील सर्व ग्रंथी एकत्र काढण्याचे विस्तृत शस्त्रकर्म प्रसिद्ध केले. रोग स्तनातून ग्रंथीत व ग्रंथीतून पुढे असा पायरीपायरीने जातो, अशी त्यामागील धारणा होती. त्यानुसार ग्रंथी समूळ काढल्या की रोग थांबावयास हवा होता.

या धारणेची परीक्षा बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत झाली. हातास ग्रंथी न लागणाऱ्या स्त्रियांच्या एका गटात कक्षेतील ग्रंथी काढल्या, तेव्हा सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत कर्कपेशी सापडल्या. दुसऱ्या गटात केवळ स्तन काढला व कक्षा तशीच ठेवली. गट यदृच्छेने पाडलेले असल्याने याही गटात साधारण तितक्याच स्त्रियांच्या ग्रंथी बाधित असणार. तरी प्रत्यक्षात पुढे कक्षेत रोग प्रकट झाला तो सुमारे १९ टक्के स्त्रियांतच. २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. या गटातील काही स्त्रियांच्या थोड्या ग्रंथी शस्त्रकर्माच्या ओघात निघाल्या होत्या, हे खरे. पण तेवढ्याने सारा फरक उलगडत नाही. ग्रंथीत पोहोचलेली प्रत्येक पेशी रुजत नाही, हे यातून सूचित होते. आणि प्रसाराचा खरा धोका केवळ ग्रंथींच्या वाटेने येत नाही, रक्तावाटेही पेशी आरंभीच निघून गेलेल्या असू शकतात, हेही त्यातून निघाले.

१९९० च्या दशकात ‘पहारेकरी ग्रंथी’ शोधण्याचे तंत्र आले. निळे रंगद्रव्य वा किरणोत्सारी द्रव्य स्तनात टोचून ज्या ग्रंथीत लसीका प्रथम पोहोचते तीच काढून तपासावयाची, आणि ती निर्दोष असल्यास बाकीची कक्षा अबाधित ठेवावयाची. पुढे अमेरिकेतील ८९१ स्त्रियांच्या चाचणीत एक-दोन पहारेकरी ग्रंथी बाधित असूनही काहींची उर्वरित कक्षा तशीच ठेवली. दहा वर्षांनंतर त्यांचे आयुर्मान कक्षा साफ केलेल्या स्त्रियांहून कमी नव्हते. मात्र या स्त्रियांची अर्बुदे लहान होती, त्यांच्या स्तनावर किरणोपचार झाले होते, आणि बहुतेकींना सार्वदेहिक उपचारही मिळाले होते. ‘ग्रंथी ठेवली तरी चालते’ एवढेच वाक्य घेऊन उपचार टाळणाऱ्या रुग्णेस हा भेद आपण आवर्जून सांगावा.

प्रतिकारावर आधारित उपचार व आपली द्रव्ये

प्रतिकारपेशींवरील ‘लगाम’ कसा सोडवावा, या शोधासाठी जेम्स ॲलिसन व तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच तत्त्वावरील पेम्ब्रोलिझुमाब हे औषध ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात केमोथेरपीबरोबर दिल्यास पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८१.७ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. लाभ खरा आहे. पण लगाम सुटलेला प्रतिकार थायरॉइड, अधिवृक्क, यकृत, आतडी अशा स्वतःच्याच अवयवांवरही उलटू शकतो.

येथून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. अर्बुदाभोवती प्रतिकाराची ‘शक्ती’ कमी पडली असे नसून, तिची दिशा फिरविली गेलेली असते. म्हणून केवळ बल वाढविणाऱ्या द्रव्याने गाठ विरघळेल, असे आश्वासन देण्यास आधार नाही. गुडूची, अश्वगंधा, हरिद्रा इत्यादींवर परीक्षानळीत व उंदरांत झालेले प्रयोग जिज्ञासा वाढविणारे आहेत. ते रुग्णेस शस्त्रकर्मापासून परावृत्त करण्यास पुरेसे नाहीत. उलट काही ठिकाणी सावधगिरीच हवी. नेदरलँड्समधील २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना हरिद्रेतील कर्क्युमिन व मरिचातील पायपेरिन एकत्र दिले असता, त्या औषधाच्या कार्यकारी अंशाचे रक्तातील प्रमाण घटलेले दिसले. त्रिकटू व हरिद्रा आपण नित्य वापरतो. तेव्हा उपचार चालू असलेल्या रुग्णेस आपण काय देत आहोत, हे तिच्या कर्करोगतज्ज्ञास लेखी कळविणे हे आपले कर्तव्य ठरते. अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती, अरुची व मनोबल यांकडे लक्ष देऊन तिला उपचार पूर्ण करण्यास साहाय्य करणे, हे आपले स्वतःचे क्षेत्र आहे आणि ते लहान नाही.

चिकित्सालयात काय करावे?

१. स्तनातील गाठीची तक्रार असलेल्या प्रत्येक स्त्रीची, तिची संमती घेऊन व स्त्री परिचारिका उपस्थित ठेवून, दोन्ही स्तन व दोन्ही कक्षांची तपासणी करावी. उजवी कक्षा तपासताना रुग्णेचा उजवा हात आपल्या उजव्या हातावर तोलून धरावा, म्हणजे वक्षपेशी सैल पडतात, आणि डाव्या हाताच्या बोटांनी कक्षेचे शिखर व चारही भित्ती चाचपाव्यात. अक्षकास्थीच्या वरील भाग विसरू नये. पुरुषांतही हा व्याधी, क्वचित का होईना, होतो.

२. हाताने केलेली तपासणी क्षुल्लक नव्हे. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईत १९९८ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केलेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व वयोगटांचा एकत्रित विचार करता मात्र मृत्यूंतील घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती.

३. कठीण, अनियमित, चिकटलेली गाठ, आत ओढलेले चूचुक, रक्तस्राव, वा कक्षेतील कठीण ग्रंथी आढळल्यास लेप, बंधन, स्वेदन, जळू, अग्निकर्म वा भेदन यांपैकी काहीही न करता त्याच आठवड्यात शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. प्रतिमा-परीक्षण व जाड सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी यांवाचून निदान पूर्ण होत नाही.

४. स्तनविद्रधीसारख्या दिसणाऱ्या स्तनाबाबत विशेष सावध असावे. शोथरूपी स्तनकर्करोगात स्तन लाल, उष्ण व सुजलेला होतो आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते. हा पाक नसून त्वचेतील लसीकावाहिन्या कर्कपेशींनी तुंबलेल्या असतात. यात गाठ हातास लागेलच असे नाही. स्तनपान न देणाऱ्या स्त्रीत असा ‘विद्रधी’ आठ-दहा दिवसांत ओसरला नाही, तर उपनाह बदलत न बसता तुकडा तपासण्यास पाठवावे. स्तनपान देणाऱ्या स्त्रीतही न ओसरणाऱ्या शोथाकडे संशयाने पाहावे.

५. कक्षेतील ग्रंथी काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीला त्या हातास लसीकाजन्य शोथ येतो. त्या हातावर सिरावेध, जलौका वा अग्निकर्म करू नये. तेथील लहान जखमेचीही तत्काळ काळजी घ्यावी.

उपसंहार

‘गाठ पसरेल का?’ या प्रश्नाचे उत्तर गाठीच्या प्रकारात, तिच्याभोवतीच्या प्रतिकारपेशींच्या वर्तनात आणि कक्षेतील ग्रंथींच्या अवस्थेत दडलेले असते. ते नाडीवरून वा स्पर्शावरून सांगता येत नाही. आपल्या हाती आहे तो काळ. सुश्रुतांनी क्रियाकाल सांगितले ते योग्य वेळ हातची जाऊ नये म्हणूनच. स्तनाची गाठ प्रथम आपल्या हातास लागते, तेव्हा तो क्रियाकाल आपल्या हाती असतो, आणि एक पत्र लिहून रुग्णेस योग्य ठिकाणी पाठविणे, व पुढेही तिची साथ न सोडणे, ही तेथील पहिली चिकित्सा होय, असे आम्हास वाटते.